मधली लेन

नवरा परदेशी गेला तेव्हा आमची गाडी जेमतेम दोन महिन्यांची होती, आणि ती फक्त त्यालाच चालवता येत होती. आम्ही दोघंही हिंजवडीत कामाला, कंपन्या वेगळ्या. वारज्यात महामार्गाच्या कडेला नवा फ्लॅट घेतला, सामान लावलं, पडदे लावायचे राहिले, तेवढ्यात त्याचं ऑनसाइटचं आलं. सहा महिन्यांचं काम म्हणून तो गेला. सहा महिन्यांचं वर्ष झालं आणि वर्षाचं दीड.

गाडी खाली कव्हर घालून उभी असायची. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले की म्हणायचे, "वहिनी, गाडीला आता हार घालायचा का?" दुसऱ्यांदा बॅटरी उतरली तेव्हा मी ड्रायव्हिंगचा क्लास लावला.

शिकवणारे सर साठीच्या घरातले, तुटक बोलणारे. पहिल्या दिवशी माझी नजर बॉनेटवरून हलेना. ते म्हणाले, "मॅडम, बॉनेट आपल्याबरोबरच येणार आहे. लांब बघा." स्टिअरिंग मी इतकं घट्ट धरायचे की बोटं पांढरी पडायची. "सैल धरा. कोणाचा गळा नाहीये तो." मला एक्स्प्रेस वेवर जायचंय म्हटल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, की मधली लेन धरा आणि उगाच बदलू नका. रस्त्यावर पाणी साचलं असेल आणि गाडी तरंगल्यासारखी वाटली, तर ब्रेकला पाय लावायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, चाकं सरळ ठेवायची आणि गप्प बसायचं. तेव्हा मे महिना होता. मी नुसती मान हलवली.

त्या काळात माझ्याशी दिवसभरात सगळ्यांत जास्त बोलायचा तो ऑफिसच्या टीमचा चॅट. संध्याकाळी घरी आले की खिडकीतून महामार्गाचा आवाज यायचा, टीव्ही लावला तरी मागे चालूच असायचा. इमारतीतले निम्मे फ्लॅट रिकामे होते. लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेले. रविवारी सदाशिव पेठेत आईकडे जायचे. ती डब्यात भाजी भरून द्यायची, ती मी बुधवारपर्यंत पुरवायचे. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा यायचा. नवऱ्याचा फोन यायचा, पण त्याची सकाळ आणि माझी रात्र असायची; एक जण घाईत, दुसरा पेंगुळलेला. तो "इथे" म्हणाला की पूर्वी मला पुणंच वाटायचं. नंतर लक्षात यायला लागलं, की त्याचं "इथे" आता तिकडचं झालंय.

जुलैत तो तीन आठवड्यांसाठी येणार होता. विमान दुपारी मुंबईला उतरणार होतं. मी आईला सांगितलं, की मी स्वतः गाडी घेऊन जाणार.

"एवढ्या पावसात? टॅक्सी कर गं."

"तो दीड वर्षांनी येतोय. त्याला घ्यायला टॅक्सी पाठवू?"

आईने फक्त थर्मास काढून दिला.

सकाळी निघाले. एक्स्प्रेस वे लागला तेव्हा पाऊस साधाच होता. पुण्यात रस्त्यावरचे पांढरे पट्टे असून नसल्यासारखे. इथे मात्र ते सरळ लांबवर जात होते. कामशेतच्या बोगद्यात सगळं एकदम शांत झालं आणि बाहेर पडताच काचेवर बादलीने ओतल्यासारखं पाणी आलं. पुढच्या क्षणी स्टिअरिंग हलकं झालं, जणू खाली चाकंच नव्हती. डावीकडे एक ट्रक होता. उजवा पाय ब्रेककडे जायला निघाला होता, तो मी अक्षरशः मागे खेचला. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, हात सरळ ठेवले आणि समोर लांब बघत राहिले. गाडी आपोआप रस्त्यावर परत टेकली. सगळं मिळून दोन-तीन सेकंदांचं असेल. मोठ्याने "झालं, झालं" म्हणाले आणि माझाच आवाज ऐकून रडू आलं. रडतानाही मधली लेन सोडली नाही.

खंडाळ्याच्या पुढे धुकं होतं. पुढे एक बस होती, तिच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून हळूहळू घाट उतरले. हे सगळं त्याला सांगायचं, असं मनात घोळवतच विमानतळावर पोचले.

तो बाहेर आला. केस बारीक कापलेले, अंगावर मी कधी न पाहिलेलं जाकीट. मिठी मारली आणि म्हणाला, "तू चालवत आलीस? एकटी? अगं, वेडी आहेस का?" मग हात पुढे करून, "दे किल्ली."

मी दिली. त्याने वळताना इंडिकेटर म्हणून वायपर लावले. तिकडे दांड्या उलट्या बाजूला असतात म्हणे. आम्ही दोघं हसलो. पनवेल सोडल्यावर मात्र मला हसू येईना. तिकडे डाव्या बाजूला बसून चालवायची सवय, त्यामुळे आमची गाडी सारखी डावीकडे ओढली जात होती. पट्टा ओलांडायची, शेजारचा ट्रक हॉर्न द्यायचा, तो झटक्याने सावरायचा.

"इथे कोणाला लेन कळतच नाही," तो म्हणाला.

"पट्ट्यावर आपण आहोत," मी म्हणाले.

घाटाच्या आधी खाण्यापिण्याच्या ठिकाणी थांबलो. त्याने वडा घेतला आणि तो नुसताच चिवडत बसला. मी बोगद्याबाहेर काय झालं ते सांगायला लागले होते. तो मध्येच म्हणाला, "माझं तिथलं वाढलंय. दोन वर्षांनी."

"कधी कळलं?"

"मे महिन्यात."

"मे महिन्यात कळलं, का मे महिन्यात हो म्हणालास?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हो म्हणालो. फोनवर सांगायचं नव्हतं. तू पण ये ना तिकडे."

"माझी नोकरी इथे आहे," मी म्हणाले. उठून मी किल्लीसाठी हात पुढे केला. त्याने खिशातून काढून दिली.

घाट चढायला लागलो तेव्हा धुकं सकाळपेक्षा दाट होतं. या वेळी पुढे बसही नव्हती. गाडीच्या उजेडात पांढऱ्या पट्ट्याचा तुकडा दिसायचा, तो मागे गेला की पुढचा. मी तेवढंच बघत होते. वळण संपताना शेजारी बघितलं तर तो झोपला होता, तोंड किंचित उघडं, डोकं काचेला टेकलेलं. प्रवासाने दमला असणार. दीड वर्षात मला कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं. रिकाम्या घरात एकटं वाटण्याला निदान कारण असायचं.

त्याला धक्का बसू नये म्हणून मी गिअर हळू बदलत होते, हेही मला आठवतं.

वारज्याला पोचलो तेव्हा उजेड होता. त्याने बॅगा वर आणल्या, दारात उभा राहून घर बघितलं आणि विचारलं, "गीझरचं बटण कुठलं?"

मी दाखवलं.

ते तीन आठवडे बरे गेले. नातेवाईक येऊन गेले, आम्ही कोणाशी भांडलो नाही, एकमेकांशीही नाही. जाताना त्याने स्वतःच टॅक्सी ठरवली. मी खाली जाऊन हात केला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत फोन आठवड्यातून एक झाला, आणि त्यानंतरच्या वर्षी आम्ही समजुतीने वेगळे झालो. आईने खूप विचारलं, की नेमकं बिनसलं कधी. सांगण्यासारखं काही नव्हतं. वेगळे झालो त्या महिन्यात मी पडदे मात्र शिवून घेतले, जाड कापडाचे. महामार्गाचा आवाज थोडा कमी झाला.