करारावर चार नावं

जागेचा मालक केलर पेन पुढे करून उभा होता. माझा मुलगा अमोल सही करणार होता. कागद होता क्युंडिगुंग, म्हणजे भाड्याची जागा सोडत असल्याची नोटीस. सही झाली की जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमधलं आमचं किचन गेलं.

तिथे आम्ही चौघी ऑफिसांसाठी दुपारचं जेवण बनवायचो. मी, माझी मुलगी शीला, सुमात्रा बेटावरच्या मिनांगकाबाऊ लोकांमधली युस्नी आणि तिची भाची रिना. करार मात्र अमोलच्या नावावर. चूक माझीच. मी चौथी शिकलेली. मुलगा जर्मन बोलतो, घरातला पुरुष आहे, म्हणून त्याचं नाव घातलं. त्याने तिथे एक कांदाही चिरला नव्हता.

"हे बघ आई, मला नेकारसुल्मला नोकरी लागलीय. इथलं कोण बघणार? एक केटरर जागा घेतोय. तो तुम्हाला कामावर ठेवेल."

"आमच्याच गॅसवर आम्ही नोकर?" शीला म्हणाली. "आणि दादा, आजवर कोण बघत होतं?"

युस्नीला मी मोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं. तिने पातेल्याचं झाकण उचललं आणि त्या कागदावर ठेवलं.

"आमच्यात घर, शेत आईकडून मुलीला जातं. मामा बाहेर जाऊन बोलतो, भांडतो. पण तो मालक नसतो. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय कुणीच काही देऊन टाकत नाही. हा शीलाच्या मुलांचा मामा ना?"

"आमच्यात मामा कपडे घेतो आणि जेवून जातो," मी म्हटलं.

"मग याला कामाला लाव. आणि करारावर आपल्या चौघींची नावं घाल."

केलर वैतागला. "चार नावं? नळ फुटला तर मी फोन कुणाला करू?"

"जी उचलेल तिला," युस्नी म्हणाली.

त्याने शुक्रवारपर्यंत वेळ दिला.

काम आटपलं की दुपारी आम्ही चौघी ठरवायला बसायचो. युस्नीच्या पद्धतीत हात वर करून मोजत नाहीत. एक जरी नाही म्हणाली तरी पुन्हा बसायचं. रिना नाही म्हणत होती. तिला अडकून पडायची भीती होती. दुसऱ्या दुपारी माझं डोकं फिरलं. "तिघी पुरे!"

"मग तुझ्यात आणि अमोलमध्ये फरक काय?" युस्नीने विचारलं.

मग पुन्हा बसायचं ठरलं. तिसऱ्या दुपारी रिनाच बोलली. "सोडून जाणारीने आपल्या जागी दुसरी बाई आणायची. चौघींचं एकमत नसेल तर किचन कुणालाही द्यायचं नाही. हे लिहा, मी सही करते."

शुक्रवारी अमोल केलरशी बोलला. अर्धा तास हुज्जत घातली, प्रत्येक ओळ आम्हाला मराठीत आणि जर्मनमध्ये समजावली. शेवटी म्हणाला, "माझी सही कुठे?"

"तुझं काम बोलायचं होतं. झालं," मी म्हटलं. "आता जेवून जा."

करारावर चार सह्या झाल्या. माझी सगळ्यात वाकडी.

किचन अजून आमचंच आहे. तपासणीला सरकारी माणसं येणार असली की अमोल नेकारसुल्महून येतो, बोलतो आणि जातो. ज्याने कधी पातेलं घासलं नाही, त्याच्या नावावर मी किचन केलं होतं. ते निस्तरायला तीन दुपारी गेल्या. आधीच बसलो असतो, तर कदाचित एकाच दुपारी भागलं असतं.