वरून पाणी घालायला कोणी नव्हते

मार्गशीर्ष वद्य द्वितीया, गुरुवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. वेळ इतकी नेमकी आठवते, कारण अकोल्याच्या दवाखान्यात एका रुग्णाची नाडी मोजताना माझे डोळे वडिलांच्या टेबलावरच्या घड्याळावर होते. कापूस घेऊन अमरावतीहून खामगावाकडे निघालेला एक गाडीवान दारात येऊन उभा राहिला. बैलांना पाणी पाजायला थांबलो, म्हणाला, आणि एक निरोप आहे. "तुमच्या वर्गातली ते गोदाबाई... ते गेली. सोमवारीच गेली. सोनीआजीनं तुमाले सांगाले सांगतलं." मी नाडी पुरी मोजली, आकडा लिहिला आणि मगच खाली बसले. हे कोरडेपणाने केले असे कोणी समजू नये. मोजणी अर्धी सोडायची नाही, हा आमच्या सुईणींच्या वर्गाचा नियम होता, आणि तो गोदाबाईंनी माझ्याहून कडकपणे पाळला होता.

गोदाबाई भातकुलीकडच्या एका कुणबी घरातल्या. काळ्या मातीची जमीन, दोन बैलजोड्या, भरले घर. तिशीच्या आत नवरा गेला आणि त्या दिराच्या संसारात स्वयंपाकाला राहिल्या. मीही बालविधवा. माहेरी परतले तेव्हा डॉक्टर असलेल्या माझ्या वडिलांनी माझ्या हाती जपमाळ न देता शरीररचनेचे पुस्तक दिले. मुंबईच्या त्यांच्या गुरूंनी त्यांना एक गोष्ट शिकवली होती. बाळंतपणानंतरचा ज्वर, ज्याला लोक बाळंतरोग म्हणतात, तो पुष्कळदा तपासणाऱ्याच्या हातांवरून एका बाईकडून दुसरीकडे जातो, आणि उग्र वासाच्या औषधी चुन्याच्या पाण्याने हात धुतले तर जात नाही. सगळ्या डॉक्टरांना हे मान्य नव्हते. मला ते सिद्ध करायचे होते. अमरावतीला सुईणींचा वर्ग काढायचा, त्याचा गुण दाखवायचा आणि मग तालुक्यातालुक्याला तसाच वर्ग मागायचा, असा माझा बेत होता. वडिलांच्या खटपटीने एका हंगामापुरती मंजुरी आणि बाजाराजवळ एक खोली मिळाली.

आमच्याकडे सुईण बाळंतपण उरकल्यावर हात धुते, आधी नाही. विटाळ नंतर लागतो, मग आधी काय धुवायचे? ही अडचण समजावून सुटण्यासारखी होती. दुसरी तशी नव्हती. ज्या जातींकडे हे काम परंपरेने आहे, त्यांतल्या बायांना बाळंतिणीच्या घरातल्या रांजणाला हात लावता येत नाही. घरच्या बाईने वरून पाणी घालायचे, सुईणीने ओंजळ धरायची. पहिल्याच दिवशी मी हात धुण्याचा धडा दिला तेव्हा वर्गातली सर्वांत वयस्क सुईण, सोनीआजी, शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी सांगता ते खरं असन. पन घरच्या बाया कापूस येचाले गेल्या का वरून पानी टाकन कोन?" अमेरिकेतल्या लढाईने तिकडचा कापूस अडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. वेचणीची मजुरी अशी चढली होती की ज्या घरांतल्या बायका कधी बांधावर गेल्या नव्हत्या, त्याही पहाटे ओटी बांधून निघत. गावेच्या गावे दिवसभर रिकामी.

गोदाबाई वर्गात आल्या त्या याच प्रश्नाचे उत्तर म्हणून. धाकट्या जावेच्या पहिल्या बाळंतपणात मूल आणि जाऊ दोघेही मरतामरता वाचली, हे त्यांनी पाहिले होते. "मी कुनबीन आहो," त्या म्हणाल्या, "मले कोनाच्या बी रांजनाचं पानी घेता येते. नाळ मी कापतो." मला तो विचार इतका तर्कशुद्ध वाटला की दुसऱ्या बाजूने मी तो तपासलाच नाही... त्यांनीही नाही.

वर्गातले ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे. फुटक्या बुडाची घागर हे गर्भाशय आणि सरकी काढलेल्या कापसाची बाहुली हे मूल, एवढ्यावर आम्ही आडवे मूल, पायाळू मूल, अडकलेली वार शिकवत असू. "या बाहुलीचा बाप कोन?" सोनीआजीने एकदा विचारले. गोदाबाईंनी मान वर न करता उत्तर दिले, "कापसाचा अडत्या. भाव चढला का येते, उतरला का तोंड दावत नाही." बाळंतिणीला दोन महिने तरी नवऱ्यापासून दूर ठेवा, हे सांगायला मला शब्द सापडत नव्हते. गोदाबाई मात्र सासवांना सरळ म्हणत, "पोराले बाहेर बाज टाकून द्या, नाहीतर सून बी जाईन अन् नातू बी." नाडी मोजायला आमच्याकडे अर्ध्या मिनिटाचे वाळूचे घड्याळ होते. वाळू सरेपर्यंतचे ठोके मोजायचे, मनात दुप्पट करायचे आणि तो आकडा कोळशाने भिंतीवर लिहायचा. निरोगी माणसाचा सत्तर-ऐंशीच्या आसपास. त्याच्या वर चढत गेला तर ज्वर. गोदाबाई दुप्पट करायला कधी चुकल्या नाहीत.

त्यांनी पहिली नाळ कापली त्यानंतर काही दिवसांनी त्या आपल्या घरी जाऊन आल्या आणि वर्गाच्या कोपऱ्यात घागरीला टेकून बसल्या. "काय झालं?" मी विचारले. "काई नाही. रांजनाकडे गेलो त जाऊ म्हनते, बाई, थांबा तिथंच, मी देतो तुमाले पानी." त्या हसल्या. "माह्याच हातानं भरत होतो तो रांजन. आता मी बी ओंजळ धरली." ज्या हक्कासाठी आम्ही त्यांना निवडले होते, तो हक्क पहिल्याच नाळेबरोबर तुटला होता. पाणी जातीवर अडले आहे असे आमचे गणित होते. ते कामावरही अडत होते. जाऊ तीच, जिच्या यातना पाहून त्यांनी हे काम घेतले होते. त्यानंतर त्या वर्गाच्या खोलीतच राहू लागल्या. मी सुचवले की आपली घागर बरोबर न्यावी. त्यांनी नेलीही, पण सुईणीच्या घागरीतले पाणी घरात सांडले तर घर विटाळते, म्हणून ती दाराबाहेरच उतरवायला लावत, आणि पुढेपुढे वेशीवर.

वडिलांना मदत हवी म्हणून मी अकोल्याला आले आणि वर्ग गोदाबाईंवर सोपवला. पुढचे मला सोनीआजीने सांगितले, ती बरोबर होती. तिवशाच्या वाटेवरच्या एका गावातून बोलावणे आले. बाळंत होऊन तिसरा दिवस, अंगात ज्वर, वारेचा तुकडा आत राहिलेला. आधीची सुईण आमच्या वर्गातली नव्हती. घरात बाळंतीण आणि तिची आंधळी, अंथरुणाला खिळलेली सासू, बाकी सारे वेचणीला. आदल्या दिवशी नाळ कापताना गोदाबाईंच्या उजव्या हाताच्या बोटाला विळा लागला होता. चुन्याची पुडी कनवटीला होती आणि रांजण चार हातांवर. घागर वेशीवर ठेवलेली, तिथवर जाऊन यायला वेळ नव्हता. त्यांनी सासूला वरून पाणी घालायची विनवणी केली. म्हातारीला रांजणापर्यंत जाता येईना, आणि यांनी हात लावलेला तिला चालेना. "रांजन फोडा लागन मंग," एवढेच ती म्हणत राहिली. आत पोरगी कण्हत होती. गोदाबाईंनी तसाच हात घातला आणि तुकडा काढला. धुतला तो नाल्यावर, बऱ्याच वेळाने. ती पोरगी दुसऱ्या दिवशी गेली. गोदाबाईंचा हात त्याच संध्याकाळी सुजू लागला.

ज्वर तोच होता. बाळंत न झालेल्या बाईला बाळंतरोग, आणि तो जखमेच्या वाटेने. वडिलांच्या गुरूंचे म्हणणे खरे ठरवायला याहून स्पष्ट पुरावा मला मागता आला नसता... आणि तो मागितल्यासारखाच मिळाला. गोदाबाईंनाही हे कळले असावे, कारण त्या आपलीच नाडी मोजून भिंतीवर लिहू लागल्या. बाकीच्या बाया भीतीने आल्या नाहीत. सोनीआजी वाळूचे घड्याळ उलटे करी, त्या मोजत, आणि उजवा हात उचलेना म्हणून डाव्या हाताने लिहीत. एकशे बारा. एकशे अठ्ठावीस. एकशे चव्वेचाळीस.

गावाने आपला निर्णय दिला होता: कुणब्याच्या सुनेने नाळ कापली, विटाळ अंगावर गेला. सरकारचा निर्णय त्यानंतर आला. वर्ग ठेवायचा की मोडायचा हे ठरवायला तपासनीस आले, तेव्हा मी त्यांना त्या भिंतीसमोर उभे केले. त्यांनी आकडे उतरवून घेतले आणि शेवटच्या आकड्यावर बोट ठेवले. ज्वर तर उतरला होता, म्हणाले, मरण दुसऱ्याच कारणाने आले. मी समजावले की तो आकडा दुप्पट करायचा राहिला आहे. सोनीआजीनेही साक्ष दिली: "मी घड्याळ उलटं केलं, तिनं मोजलं, लिवलं, अन् कोयसा हातातून पडला. मंग काई बोलली नाही." लेखी उत्तर आले की मेलेल्या बाईच्या मनातला गुणाकार सरकारी कागदावर घेता येत नाही. मंजुरी वाढली नाही.

परवा खोलीची किल्ली द्यायला अमरावतीला गेले. खोली एका कापूसवाल्याने घेतली आहे. भिंतीला सफेदी करू नका, असे मी त्याच्या माणसाला सांगितले. "कायले करतो बाई," तो म्हणाला, "बोजे लागले का भिताड दिसतेच कुठी?" तो पहिला बोजा लोटत असताना मी भिंतीशी उभी राहिले. डाव्या हाताचे, खाली घसरत गेलेले अक्षर. कोणीही वाचावे आणि म्हणावे, ही बाई अगदी बरी आहे. अठ्ठ्याहत्तर.