क्लिपबाहेरची विहीर

आमच्या नगरच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि मी ट्रेसिंगच्या टेबलावरून उठून त्याच्यासमोर बसले. तलाव, कालवे, रस्ते यांचे नकाशे सरकारी खात्याला काढून देणारं खाजगी ऑफिस होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ब्लेडनं शाई खरवडण्यात माझी दहा वर्षं गेली होती, त्यामुळे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं मला झालं.

नव्या पद्धतीत गावाचा नकाशा पुन्हा काढावा लागत नसे. तो त्याच्या फाइलमध्येच राहायचा, आम्ही तो आमच्या शीटला नुसता जोडायचो. मग हव्या त्या भागाभोवती रेघेचं कुंपण घालायचं. आतलं दिसायचं, बाहेरचं दिसायचं नाही. याला आम्ही क्लिप म्हणायचो. खोडलं काहीच जात नसे. कुंपणाचा कोपरा धरून बाहेर ओढला की लपलेलं पुन्हा हजर.

जामखेडकडच्या एका साठवण तलावाचं काम आलं. कुठवर पाणी चढणार, त्यात काय काय बुडणार, हे दाखवणारी शीट मी केली. सगळं छान बसलं, फक्त खुणांच्या सूचीचा चौकोन खालच्या कोपऱ्यात मावेना. साहेबांना शीटवर गर्दी खपत नसे. मी क्लिपचा कोपरा दोन बोटं आत घेतला आणि तिथं सूची ठेवली. त्या कोपऱ्यात विहिरीची खूण होती, एक बारीक गोल. दिसली होती मला, खोटं कशाला बोलू? एका गोलानं काय होतंय, असं वाटलं. साहेब म्हणाले, "शीट असावी तर अशी." मी दिवसभर हवेत होते.

बुडणाऱ्या सार्वजनिक गोष्टींची यादी खात्यातला कारकून करायचा. जागेवर जायचं सोडून तो शीट टेबलावर पसरायचा, पट्टी सरकवत जायचा आणि दिसेल ते लिहायचा. यादीत आलेली विहीर पाणी अडवण्याआधी वरच्या अंगाला नवी बांधून मिळायची. आमच्या शीटवरून त्यानं देऊळ लिहिलं, शाळेची खोली लिहिली, गावची विहीर लिहिली. शीटवर सह्या झाल्या.

दोनेक महिन्यांनी एक म्हातारे गवंडी एसटीनं नगरला आले. सोबत शीटची घडी घातलेली प्रत होती. तिच्यावर आमच्या ऑफिसचा पत्ता पाहून ते थेट माझ्या टेबलापाशी पोचले.

"बाई, आमची हीर कुठं हाय ह्याच्यात?"

कुणाची विहीर, मी विचारलं. "बौद्धवस्तीची. गावच्या हिरीवर आमाला भरू देत नव्हते, तवा वस्तीनं खांदली. दगडाचं बांधकाम माझ्या हातचं हाय. यादीत गावची हाय, आमची न्हाई."

मी फाइल उघडली, सूची बाजूला सरकवली, क्लिपचा कोपरा बाहेर ओढला. गोल दिसला. म्हातारबाबा पडद्याला नाक लावून उभे राहिले.

"व्हय, व्हय, हीच! दिसली म्हंजे झालं." त्यांनी मला हात जोडले. मला म्हणायचं होतं, बाबा, जोडू नका.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं. शीट बदलायची तर सगळ्या सह्या पुन्हा घ्याव्या लागणार होत्या, आणि मुळात चुकली कशी हे खात्याला लेखी द्यावं लागणार होतं. साहेब शांतपणे म्हणाले, "पुढचं काम हवंय ना आपल्याला? होतं तसं ठेवा. त्यांना म्हणावं, अर्ज करा."

बाहेर येऊन मी म्हातारबाबांना म्हटलं, "खात्यात अर्ज करा, होईल." ते समाधानानं गेले. त्यांची पाठ वळल्यावर मी कोपरा पुन्हा आत घेतला. सूची जागेवर बसवली. पहिल्या वेळी निष्काळजीपणा होता असं म्हणता येईल. या वेळी त्या गोलात कुणाचं पाणी आहे हे मला ठाऊक होतं. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं, मंजूर नकाशात विहीर आढळत नाही.

तलाव भरला त्या वर्षी राहवेना म्हणून मी एसटीनं तिकडं गेले. वस्तीच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन बांधावरून गावच्या नव्या विहिरीकडं चालल्या होत्या. आता अडवत कुणी नव्हतं, पण गावचं भरून होईपर्यंत त्यांना बाजूला थांबावं लागायचं. म्हातारबाबा काठावर बसले होते. त्यांनी मला ओळखलं, चिडले मात्र नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

गढूळ पाण्याकडं बोट करून म्हणाले, "तिथं हाय बगा. बाभळीच्या शेंड्याच्या अलीकडं."

मग त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या मशिनीत अजून हाय का ती?"

"आहे," मी म्हणाले. खरंच होती.