प्रभावती मॅडमचा फोन

प्रभावती मॅडमचा आवाज मऊ. म्हणून राजूरकडच्या त्या शाळेत कुणाला लागलं की घरी फोन त्यांनीच करायचा, असं न ठरवताच ठरून गेलं होतं. मुख्याध्यापक यज्ञेश्वर सर नंबर लावून मोबाइल त्यांच्या हातात द्यायचे.

वाक्यही ठरलेलं. खेळता खेळता पडला, थोडंसं लागलंय, पट्टी केली, घाबरू नका. हेतू वाईट नव्हता. आईबापांनी हातातलं काम टाकून धावत येऊ नये, एवढंच. पियूषचं नख उखडलं तेव्हा हेच सांगितलं. अक्षयच्या कपाळाला टाके पडले तेव्हाही हेच. दोघंही शाळेच्या लोखंडी फाटकावर लटकून झोके घेत होते, आणि फाटकाची वरची बिजागरी केव्हाचीच सुटली होती. पण फाटकाचं नाव कधी निघालं नाही. वरच्या ऑफिसातून कुणी विचारलंच, तर सर हसून म्हणायचे, "पोरं आहेत, पडणारच."

कापूस वेचणीच्या दिवसांत, मधल्या सुट्टीत, ते फाटक कोसळलं. खाली तिसरीतली सुरभी.

चौघांनी फाटक उचललं तेव्हा ती रडत होती. रडतेय म्हणजे ठीक आहे, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. मॅडमनी तिच्या आईला, कोकिळाला, फोन केला.

"काही नाही गं, सुरभी खेळताना पडली. थोडंसं लागलंय."

"रडून राह्यली का?"

"आता थांबली."

"मंग बसवा तिले. मायी पोरगी दगड हाये, मॅडम. जमिनीलेच लागलं असन." मागे वेचणाऱ्या बाया हसल्या. "वेचणी झाली का येतेच मी."

मॅडमही हसल्या. फोन ठेवून वळल्या, तर सुरभीला उलटी झाली होती.

"मॅडम, झोप येऊन राह्यली."

"झोपू नको बाळा. पाढा म्हण बरं तीनचा."

"तीन एके तीन. तीन दुणे सहा. तीन एके तीन. तीन एके..."

सरांनी ऑटो बोलावला. वणीच्या वाटेवर कोळशाचे ट्रक एकामागे एक उभे होते. पुढे जागाच नव्हती. सुरभीचं डोकं मॅडमच्या मांडीवर जड होत चाललं होतं.

पुढे बसलेले सर मागे न वळता म्हणाले, "दवाखान्यात खेळताना पडली म्हणा. फाटक म्हटलं की चौकशी लागते."

मॅडमनी मोबाइल हातात घेतला. फोन लावला.

"कोकिळा, वणीला ये. सरकारी दवाखान्यात. आत्ता."

"आत्ताच तं थोडंसं म्हटलं तुमी."

"खोटं सांगितलं. फाटक पडलं तिच्या डोक्यावर."

"मॅडम," सर म्हणाले.

पलीकडे बायांचा कलकलाट चालूच होता. त्यातूनच कोकिळानं विचारलं, "कोन्तं फाटक?"

"शाळेचं."

"ते कायले पडन? पक्कं हाये ना ते?"

"नाही. केव्हापासून नाही."

"तिले द्या फोन."

मॅडमनी मोबाइल सुरभीच्या कानाला लावला. आतून आई हाका मारत होती, आधी हळू, मग चढत्या आवाजात. सुरभीचे डोळे अर्धे उघडे होते, पण ते कुठंच बघत नव्हते.

मॅडमनी फोन परत आपल्या कानाला धरला.

"मॅडम, थे बोलत काहून नाही?"

"बोलत नाहीये ती, कोकिळा. कुणाच्या तरी गाडीवर बस आणि निघ."