तेहतीस फुटांची साखळी

बोलता बोलता काका थांबायचे, एक डोळा मिटून समोरच्या रस्त्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "चार साखळ्या, वर दोन आणे."

जर्मनीत, वाल्डॉर्फला आमच्या इमारतीत ते खालच्या मजल्यावर मुलाकडे राहायचे. काकू गेल्या, तेव्हा मुलगा त्यांना साताऱ्याहून घेऊन आला. सगळी नोकरी भूकरमापक म्हणून, लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेली. साखळी तेहतीस फुटांची, तिचे आणे सोळा; साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. पहिल्याच भेटीत त्यांनी मला हे शिकवलं. नातीला शिकवायला गेले, की ती मोबाइलमधून मान वर न काढता जर्मनमध्ये म्हणायची, "ओपा, मेटर!" आजोबा, मीटर म्हणा.

दिवसभर घरात कुणी नसे. मी घरून काम करत असले की दुपारी बेल वाजायची. "तुझं चालू दे, पोरी. मी नुसता बसतो."

एकदा मात्र धापा टाकत आले. "चल, मागच्या शेतात मोजणी आलीय! मला भाषा येत नाही."

तिथे घरं होणार होती. एक तरुण मोजणीदार यंत्र बसवलेली काठी घेऊन फिरत होता.

"विचार, ह्याचा जोडीदार कुठाय?"

मी विचारलं. तो हसला. उपग्रहावरून सगळं कळतं म्हणाला.

"जोडीदार लागत नाही म्हणतो, काका."

मग त्यानंच सांगितलं, इथले जुने नकाशे रूट नावाच्या मापात असायचे; एक रूट तीन मीटरची. काका खुलले. "म्हणजे आपली साखळी ह्यांच्या तीन रूटहून जराशी मोठी!" मी ते जर्मनमध्ये सांगेपर्यंत तो पुढे निघून गेला होता.

परतताना काका म्हणाले, "शिपाई आला नाही, की साखळीचं दुसरं टोक तुझी काकू धरायची. साडी खोचून, चिखलात. मी ओरडायचो, ढील नको! ती तिकडून म्हणायची, अहो, मग ओढा की!"

ते हसले. मग दारातल्या टपालपेट्यांपाशी बराच वेळ किल्ली शोधत राहिले. किल्ली हातातच होती.

त्या उन्हाळ्यात ते साताऱ्याला परतले. मुलानं फार विनवलं. "तिथं एकटे पडाल, बाबा."

"एकटा तर आहेच रे," काका म्हणाले. "तिथं निदान ती उभी राहायची ते बांध आहेत."

मध्यंतरी मी फोन केला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता.

"कुठे आहात, काका?"

"शेतावर."

"कुणाच्या?"

"कुणाच्या का असेना."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही. कितीतरी वेळ नुसता वारा ऐकू येत राहिला.