टारव्हरसाठी उघडं ठेवलेलं झाकण

आमच्या ऑर्व्हलकडची पहिली बास्केटबॉलची कार्डं होती ना, पोरं जमवतात ती खेळाडूंच्या फोटोंची, त्यातल्या एकाही खेळाडूला पाय नव्हते. सगळे घोट्याच्या वर कापलेले. आणि कापले होते त्यानंच, दहा वर्षांचा असताना, आईच्या शिवणाच्या कात्रीनं. धाकटी बहीण लुएला शेजारी बसून खाली पडलेले बूट गोळा करत होती. ती लुएला म्हणजे मीच.

त्याचं असं झालं. बाबा शवपेट्यांच्या कारखान्यात सुतार. अक्रोडाचे उरलेसुरले तुकडे आणून त्यांनी ऑर्व्हलला कार्डं ठेवायला एक पेटी केली होती. पाळी संपल्यावर बसायचे, दोन आठवडे लागले त्यांना. पॉलिश इतकं, की तोंड दिसावं. माप घेतलं होतं त्याच्या बेसबॉलच्या कार्डांचं. आणि नेमकं त्या साली बास्केटबॉलची कार्डं आली ती लांबडी. खेळाडू उंच म्हणून कार्डंही उंच! पेटीत उभी केली की झाकण बसेना. आता बाबांना कसं सांगायचं, की तुमची पेटी छोटी पडली? ऑर्व्हलच्या जिवावर आलं. मग त्यानं कार्डंच कापली.

बाबांनी पाहिलं आणि पोट धरून हसले. "अरे येड्या, मला सांगायचंस! दुसरी केली असती."

"हीच चांगली आहे," ऑर्व्हल म्हणाला.

"बरं. डोकी ठेवलीस हे नशीब त्यांचं."

पुढं त्यानं सदतीस वर्षं शाळेची बस चालवली. बर्फ असो, धुकं असो, एक पोर कधी उशिरा पोचलं नाही. पण गावात त्याला ओळखायचे ते कार्डांसाठी. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये कार्डांचा बाजार भरतो. बंब बाहेर काढून उभे करायचे आणि आत टेबलं मांडायची. ऑर्व्हलचं टेबल कॉफीच्या पिंपाजवळ. त्यावर कायम ती अक्रोडाची पेटी.

"ऑर्व्हल, तुझी टीम पळते कशी रे बिनपायाची?" टायरवाला गॉर्डी फेंट्रेस दर वेळी विचारायचाच. साठ वर्षांची दोस्ती त्यांची.

"बास्केटबॉल हातानं खेळतात, गॉर्डी. तुला कुणी घेतलंच नाही कधी टीममध्ये, तुला काय माहीत?"

हसायचे सगळे, पण कार्ड दाखवायला त्याच्याकडंच यायचे. कारण जुन्या कार्डांत एक लबाडी चालते. कोपरे झिजले, की लोक कड केसभर तासतात. कोपरे पुन्हा टोकदार दिसतात, कार्ड नव्यासारखं होतं आणि घेणारा फसतो. ऑर्व्हलला ते बोटाला कळायचं. तो डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवायचा. जुनी कड जरा भुरभुरीत लागते, तासलेली लागते गुळगुळीत. "मी लहानपणी एवढी कापलीत," तो म्हणायचा, "की कात्री माझ्याशी बोलते." मग सांगायचा, "चांगलं आहे," नाहीतर, "कापलेलं आहे." बस, एवढंच. त्यावर कुणी वाद घालत नसे. या कामाचा त्यानं कुणाकडून कॉफीचा कपसुद्धा घेतला नाही. तीन-तीन तास गाडी हाकत लोक यायचे हो, नुसता त्याचा अंगठा फिरवून घ्यायला. आम्हाला किती अभिमान वाटायचा, काय सांगू.

त्याला स्वतःला एकच हवं होतं. त्या सालचा सगळा संच, पायांसकट. एकेक कार्ड जमवत त्यानं अल्बम भरत आणला. एक खण तेवढा रिकामा राहिला. क्लिऑन टारव्हरचा. हा टारव्हर एवढा उंच, की कार्डावरही त्याचं डोकं वरच्या पट्टीला टेकलेलं. छापताना त्याचं कार्ड मोठ्या कागदाच्या कोपऱ्यात यायचं आणि चुरगळायचं म्हणे, म्हणून धड असं मिळतच नाही. लहानपणी बाकीचे पाय ऑर्व्हलनं खटाखट कापले होते, पण टारव्हरपाशी हात थांबला होता त्याचा. मला म्हणाला होता, "लुएला, तू तिकडं बघ," आणि मग त्याचेही पाय कापले.

गेल्या हिवाळ्यात दुखणं कळलं. डॉक्टर म्हणाले, आमचा उन्हाळा जूनला लागतो, तिथवरचं काही धरून चालू नका. मार्चच्या बाजाराला मीच त्याला गाडीत घालून नेला. अंगात कोट नुसता लोंबत होता. टेंडरलॉइनचं, म्हणजे तळलेल्या डुकराच्या मांसाचं सँडविच पुढ्यात आणून ठेवलं, तर दोन घाससुद्धा खाल्ले नाहीत त्यानं.

आणि गॉर्डी आला. पाठीमागं हात लपवून, लग्नातल्या नवऱ्यासारखा लाजत. टेबलावर कार्ड ठेवलं. टारव्हर. बुटांसकट.

"घे म्हाताऱ्या. भर तुझा खण. आणि रडायचं नाही."

पलीकडच्या राज्यातला कुणी विक्रेता त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता, त्याच्याकडून घेतलं होतं. केवढ्याला घेतलं, गॉर्डीनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. सगळा हॉल गोळा झाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ऑर्व्हलनं कार्ड हातात घेतलं आणि सवयच ती, डोळे मिटले, अंगठा फिरवला.

कपाळावर एक आठी पडली. त्याचा चेहरा मी ओळखते.

त्यानं पुन्हा अंगठा फिरवला, खालच्या कडेवरून. मग डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नको, नको सांगूस. काय बिघडणार होतं? दोन महिन्यांचा पाहुणा. खण भरला असता, गॉर्डीचं मन राहिलं असतं.

"गॉर्डी," तो म्हणाला, "कापलेलं आहे रे."

गॉर्डीचं तोंड लालबुंद. "नीट बघ! आजारी आहेस तू, बोटं बधिर झालीत तुझी."

"खालून. केसभर."

"मग गप्प बसायचं होतंस ना, गाढवा! तुझ्यासाठी आणलं होतं मी."

"गप्प बसलो असतो, तर आजवर यांना 'चांगलं आहे, चांगलं आहे' म्हटलं, त्याचं काय झालं असतं?" ऑर्व्हल हळूच म्हणाला. मोठ्यानं बोलायची ताकद नव्हतीच.

गॉर्डी बाह्या सरसावून निघाला. "थांब, त्याच्या घशात घालून येतो."

"परत देऊ नकोस. तो दुसऱ्याच्या गळ्यात मारेल. आणि मला आवडलंय ते."

"कापलेलं?"

"तू आणलेलं."

गॉर्डी मटकन खुर्चीत बसला. नाक शिंकरलं. मग ऑर्व्हलच्या ताटलीतलं सँडविच उचलून खाऊ लागला. काय करणार बिचारा.

ऑर्व्हलनं अल्बम उघडलाच नाही. बाबांची पेटी पुढं ओढली आणि टारव्हरला त्या बिनपायाच्या टीममध्ये सगळ्यांत पुढं उभा केला. केसभर कापलेला, म्हणजे लांबच की. झाकण बसेना. एका पोरसवद्या विक्रेत्यानं मोठी पेटी देऊ केली.

"राहू दे उघडं," ऑर्व्हल म्हणाला. "आता कापत नाही मी."

जून लागायच्या आत तो गेला. मागच्या मंगळवारी पुरलं. चर्चच्या तळघरात जेवणं होती, तिथं एका टेबलावर मी अल्बम ठेवला, एक खण रिकामा असलेला, आणि शेजारी ती पेटी. लांबलांबून माणसं आली होती. ज्यांच्या कार्डाला तो तोंडावर 'कापलेलं' म्हणाला होता, तेसुद्धा. एकेक जण पेटीपाशी थांबायचा, टारव्हरच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि मान डोलवायचा.

सगळ्यात शेवटी गॉर्डी आला. त्यानंही फिरवला. "मला अजून काही कळत नाही यातलं," म्हणाला. "पण तो म्हणाला ना, म्हणजे कापलेलंच."

पेटी आता माझ्या कपाटावर आहे. टारव्हरचं डोकं बाहेर. झाकण उघडंच ठेवते मी, धूळ बसली की पुसेन.