महामारीची रंगीत तालीम

करोना गेला, पण त्याचं सामान आमच्या आरोग्य केंद्राच्या स्टोअरमध्ये अजून पडून आहे आणि त्याचे किस्से माझ्याकडे. सामानावर निदान एक्स्पायरी डेट तरी असते! किश्श्यांचं तसं नाही. एक सांगून मोकळं व्हावं, तर दुसऱ्या दिवशी ड्युटीवर नवा हजर.

मी हमरापूरजवळच्या एका आरोग्य केंद्रात नर्स. माहेर रोह्याचं, तिथली माणसं जात्याच बोलकी, त्यामुळे बोलायला मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. तर यंदा वरून हुकूम आला: पुढची महामारी कधीही येऊ शकते, तयारी करा, टीम येऊन मॉक ड्रिल बघेल. इथवर ठीक. पण खाली असंही होतं, की जे केंद्र ड्रिलमध्ये कमी पडेल त्याची नवी ॲम्ब्युलन्स दुसऱ्या केंद्राला जाईल. आमच्या गाडीवर डोळा होता रोह्याकडच्या एका केंद्राचा.

ही गाडी यायच्या आधी जोहे गावची एक बाई पेणला पोचता पोचता गणपतीच्या टेम्पोत बाळंत झाली होती, दोन मूर्तींच्या मधे. मायलेकी सुखरूप आहेत, पण त्या टेम्पोत मी होते आणि ती भीती अजून माझ्या अंगात आहे. आता आमच्या आशा सेविका वैजयंतीताई यांच्या सुनेला नववा लागला होता. त्या रोज येऊन आधी गाडीला हात लावायच्या, मग कामाला लागायच्या.

*

ट्रेनिंग रोह्याला. वडखळच्या ट्रॅफिकमधून कसेबसे पोचलो. हॉलमध्ये खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. शिकवणारे साहेब म्हणाले, "पुढचा विषाणू अगदी नवीन असेल."

आमचे ड्रायव्हर हिराजीदादा उठले. "लक्षनं काय त्याची?"

"अजून माहीत नाही."

"औषध?"

"तेही नाही."

"येनार कवा?"

"सांगता येत नाही."

हिराजीदादा खाली बसले आणि मला म्हणाले, "सिस्टर, माजा मेव्हना पन असाच हाय. पन त्याच्यासाठी कोन ट्रेनिंग देत नाय!"

साहेबांनी सुरक्षित अंतर ठेवण्याबद्दल लांबलचक भाषण दिलं. मग ग्रुप फोटो. "जवळ या! अजून जवळ! मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यावर हात ठेवा!"

निघताना रोह्याकडच्या त्याच केंद्रातली माझी मैत्रीण कानाशी येऊन म्हणाली, "गाडी धुऊन पाठव गो!" मी वरवर हसले.

*

परत आल्यावर डॉक्टर मॅडमनी आयसोलेशन वॉर्ड उघडायला सांगितला. मॅडम विदर्भातल्या, नव्यानेच आलेल्या आणि नियमाच्या पक्क्या. दार उघडलं तर एकही बेड रिकामा नाही. प्रत्येक बेडवर एक गणपती, अंगावर प्लॅस्टिक!

वैजयंतीताईंच्या दिराचा मूर्तींचा कारखाना आहे. पावसात त्याचं छप्पर गळत होतं.

"पण इथे कशाला ठेवले?" मॅडम ओरडल्या.

वैजयंतीताई शांतपणे म्हणाल्या, "तुमीच बोल्लाव ना मॅडम, ह्या खोलीत कोनी पाय ठेवायचा नाय म्हनून? अशी जागा गावात दुसरी नाय!"

*

लोकांनी घाबरू नये म्हणून ड्रिलच्या आदल्या दिवशी हिराजीदादा रिक्षाला भोंगा बांधून गावोगाव फिरले. "घाबरू नका! उद्याची महामारी खोटी आहे!"

खाडीकडच्या गावात मिठागरावर काम करणारे एक तात्या आहेत. त्यांनी हे ऐकलं, घरात गेले आणि आतून कडी लावली. त्यांचं बघून शेजाऱ्यांनी लावली. दुपारपर्यंत सगळी आळी बंद आणि वाण्याकडची साखर संपलेली!

मी समजूत घालायला गेले. तात्या खिडकीतूनच म्हणाले, "मागच्या टायमाला पन तुमी पयला हाच बोल्लाव, सिस्टर. घाबरू नका!"

मी आल्या पावली परत आले. ड्रिल होऊन गेलं, तरी तात्या आठवडाभर आतच.

*

त्याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे ड्रिलला पेशंट हवा. खोटा पेशंट व्हायलाही कुणी तयार होईना. सगळ्यांचं म्हणणं एकच, एकदा नेलं की हे लोक लवकर सोडत नाहीत! मग पुतळा करायचं ठरलं आणि काम अर्थातच वैजयंतीताईंच्या दिराकडे गेलं. उत्तम कारागीर. बघता बघता शाडूचा पेशंट तयार केला.

मॅडम बघायला गेल्या. पेशंट पाठीवर आडवा, पोट सुटलेलं, चेहरा प्रसन्न आणि उजवा हात आशीर्वादाचा!

"अहो, हा अत्यवस्थ आहे. हसतो कशाला?"

"मॅडम, रडका चेहरा आमच्याकडं कोन घेनार? आमी तो शिकलोच नाय."

"आणि हात?"

"हाताचा साचा एकच हाय."

वेळ नव्हता. कारखान्यातल्या माणसांनी वॉर्डातले गणपती हलवले आणि त्याला बेडवर आणून ठेवलं. मी त्याच आशीर्वादाच्या हाताला सलाईन लावलं. चिकटपट्टी मात्र छान बसली.

*

ड्रिलच्या दिवशी पीपीई किटचा घोळ. नवीन किट आलेच नव्हते. जुने, मुदत संपलेले, आधीच्या डॉक्टरांनी कारखान्यातल्या स्प्रे मारणाऱ्यांना देऊन टाकलेले. तेच धुऊन परत आणले. पण पीतांबराचा पिवळा, शेल्याचा गुलाबी आणि मुकुटाचा सोनेरी काही केल्या निघाले नाहीत.

आम्ही ते घालून ओळीत उभे राहिलो. टीमच्या साहेबांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "हे काय आहे?"

मॅडम, ज्या कधीच खोटं बोलत नाहीत, म्हणाल्या, "झोनप्रमाणे कलर कोड आहे, सर."

"गुड. आणि हा सोनेरी?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

"आयसीयू," मी म्हटलं.

*

मग शेवटची परीक्षा: पेशंट वॉर्डातून ॲम्ब्युलन्समध्ये. साहेबांनी घड्याळ लावलं. हिराजीदादांनी आणि शिपायाने जोर लावला, पण भरीव शाडूचा पेशंट जागचा हलेना! फाटकाबाहेर अख्खा गाव बघायला जमलेला. त्यात वैजयंतीताईंची सून पोटावर हात ठेवून उभी. वैजयंतीताई एकदा घड्याळाकडे, एकदा गाडीकडे आणि एकदा सुनेकडे बघत होत्या. मला तर रडूच येत होतं.

शेवटी वैजयंतीताईंनी कारखान्यातल्या माणसांना हाक मारली. ती माणसं धावत आली आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर पेशंटच्या तोंडावर रुमाल टाकला.

साहेब दचकले. "वारला की काय?"

"नाय सायेब! तोंड झाकल्याबिगर आमी कारखान्यातून कोनाला बाहेर काढत नाय!"

मग चौघांनी खांदे लावले आणि नेहमीच्या सवयीने आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा..."

"मोरया!" आम्ही सगळे. पिवळे, गुलाबी, सोनेरी. मॅडमसुद्धा!

पेशंट अलगद उचलला गेला, गाडीत बसला. दार लागलं, सायरन सुरू झाला, गाडी फाटकाबाहेर पडली आणि जमलेल्या गावाने हात जोडून एका सुरात म्हटलं,

"पुढच्या वर्षी लवकर या!"

सायरन लांब गेला. कुणी कुणाकडे बघेना. साहेबांनी सावकाश तोंडावरचा मास्क काढला. "मॅडम, महामारी पुढच्या वर्षी लवकर यावी, असं तुमच्या गावाचं म्हणणं आहे?"

वैजयंतीताई पदर खोचून पुढे झाल्या.

"येव दे की सायेब! गाडी तेवढी हितं ऱ्हाऊ दे, म्हंजे झाला!"